अजून वैध नाही

झ्रेन्यानिनमध्ये उणे नऊ. बेगेय नदी गोठलेली,
आणि माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर
साबणाच्या वडीएवढा हा डबा
सकाळपासून नन्नाचा पाडा म्हणतोय.

डाउनलोड अयशस्वी. पुन्हा. अयशस्वी.
केबल बदलली. राउटर बंद केला, दहा आकडे मोजले, चालू केला.
मेमरी कार्ड काढून फुंकर मारली,
जुनी सवय, कार्ट्रिजच्या दिवसांची,
तिचा उपयोग तेव्हाही नव्हता.

नेबॉयशा फोनवर आहे, ग्राझहून.
डबा त्यानेच धाडला, पंचावन्न पूर्ण झाली म्हणून:
"आपली सगळी जुनी यंत्रं यात आहेत, वुकित्सा,
एका चिपमध्ये. तू फक्त गेम्स उतरवून घे."
फक्त.
तो तिकडे उंटावर,
मी इकडे शेळी.

मग चष्मा लावून त्रुटीची ओळ नीट वाचली:
प्रमाणपत्र अजून वैध नाही.
अजून?
म्हणजे मुदत संपलेली नाही, खोटंही नाही,
व्हायचंय.
तेव्हा दिसलं पाणी कुठं मुरतंय ते.
डब्याला विचारलं, बाबा रे, आज तारीख काय?
म्हणाला, एक जानेवारी एकोणीसशे सत्तर,
मध्यरात्र उलटून सोळा मिनिटं.

बरोबरच आहे बिचाऱ्याचं.
दारात कुणी पाहुणा येतो, ओळखपत्र पुढे करतो,
त्यावर जन्मतारीख अर्धशतकापुढची.
कोणता शहाणा कडी काढेल?
त्याच्या हिशोबानं देश अजून एक आहे,
साखर कारखान्याचा भोंगा वाजतोय,
आणि मी आईच्या पोटात,
दहा दिवस बाकी.

"घड्याळ इंटरनेटवरून आपोआप लागतं," नेबॉयशा म्हणाला.
आपोआप हा शब्द आमच्या राउटरला ठाऊक नाही.
चार स्क्रू काढले. आत गोल खाच,
दिनाराच्या नाण्याएवढी. रिकामी.
"बॅटरी पोस्टानं पाठवता येत नाही," तो म्हणाला, "नियम आहे."
मग हे आधी का नाही सांगितलंस?

शहाऐंशी साली
डाउनलोड म्हणजे रेडिओसमोर श्वास रोखून बसणं.
गुरुवारी रात्री अकराला निवेदक म्हणायचा, रेकॉर्डर तयार ठेवा,
आणि सुरू व्हायची ती करकर, चिरचिर,
जणू कुणी पत्र्यावर वाटाणे ओततंय आणि थांबतच नाहीये.
तीन मिनिटं. त्यात एक अख्खा चक्रव्यूह.
दोन आठवडे वाट पाहिलेला,
आणि दुसऱ्या मिनिटाला टेपवर एकच घुर्रर्र.
लोड होईना. कितीदा रिवाइंड केलं, होईना.
"व्होल्टेज," नेबॉयशा म्हणाला होता,
एकोणीस वर्षांच्या माणसाच्या खात्रीनं.

आता फोनवर तो गप्प. मग खाकरला.
"वुकित्सा, व्होल्टेज नव्हतं ते.
माझा हेअर ड्रायर होता.
स्लाविका कोपऱ्यावर थांबली होती."

चाळीस वर्षं.
आज त्याच्या डोक्यावर वाळवायला काही उरलेलं नाही,
आणि स्लाविकानं दंतवैद्याशी लग्न केलं.
मी काही बोलले नाही.
फोन टेबलावर ठेवून न्हाणीघरात गेले,
वजनकाटा उलटा केला,
त्याच्या पोटातली बॅटरी नखानं उचकटली.

बसली. अगदी मापाची.
तारीख हातानं टाइप केली, वर्ष, महिना, दिवस,
मनगटावर बघून तास आणि मिनिटं.
एंटर.
आणि कडी निघाली आतून.
एक टक्का. चार. अकरा.
या वेळी करकर नाही, काहीच ऐकू येत नाही,
तरी मी उगाच पाय न हलवता बसले,
फ्रिज चालू झाला तेव्हा दचकले.

"तो चक्रव्यूह मिळाला का?" नेबॉयशानं विचारलं.
बघतेय, म्हटलं. यादीत दोन हजार नावं आहेत.
निवेदकानं एकदाच सांगितलेलं नाव.
तुला आठवतं?
त्यालाही नाही.

रीस्टार्टनंतर घड्याळ एक तास मागे आहे.
हिवाळी वेळेचं काहीतरी असेल.
तेवढं उद्या.